कथुलूचा बाप

गेम खेळणाऱ्या एखाद्या मित्राच्या टी-शर्टवर तुम्ही त्याला पाहिलं असेल. ऑक्टोपससारखं डोकं, तोंडाशी वळवळणाऱ्या सोंडा, पाठीला पंख. नाव कथुलू. (उच्चारावरून भांडू नका. माणसाच्या जिभेला तो नीट जमूच नये, अशी त्याच्या लेखकाचीच इच्छा होती.) हा लेखक म्हणजे हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट.

जन्म २० ऑगस्ट १८९०, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात. तो तीन वर्षांचाही नव्हता, तेव्हा वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. ते तिथेच गेले. हा वाढला आजोबांच्या घरात, त्यांच्या पुस्तकांत. १९०४ मध्ये आजोबा वारले, पैसा आटला, घरही सुटलं. त्याला व्हायचं होतं खगोलशास्त्रज्ञ. पण गणिताने घात केला. १९०८ मध्ये तब्येत आणि मन दोन्ही ढासळलं आणि शाळा अर्धवट राहिली. कॉलेज तर लांबच. पुढची काही वर्षं तो जवळपास घरातच बसून होता.

आकाश मात्र डोक्यातून गेलं नाही. त्याच्या गोष्टींत वाड्यातली भुतं फारशी नाहीत. तिथे भीती वेगळीच आहे: हे विश्व अफाट आहे, आपल्याआधीपासून आहे आणि आपण असलो-नसलो तरी त्याला काही फरक पडत नाही. ‘द कॉल ऑफ कथुलू’मध्ये एका तरुणाच्या हाती वारलेल्या चुलत आजोबांची कागदपत्रं लागतात. एका कलाकाराची स्वप्नं, दलदलीतली पोलिसांची धाड, एका खलाशाची हकिगत. तो तुकडे जोडत जातो, थांबूच शकत नाही. चित्र पूर्ण होतं तेव्हा, हे कळलंच नसतं तर बरं, असं त्याला वाटतं. रात्री दोन वाजता ‘अजून एकच लिंक’ म्हणणाऱ्या आपल्यासारखाच की तो!

ही कथा त्याने १९२६ मध्ये लिहिली. दोन वर्षांपूर्वी सोनिया ग्रीनशी लग्न करून तो न्यूयॉर्कला गेला होता. लग्नाला निघताना जादूगार हुदिनीसाठी लिहिलेल्या कथेची टाइप केलेली प्रत स्टेशनवर हरवली, मग हनिमून ती पुन्हा टाइप करण्यात गेला. न्यूयॉर्कमध्ये नोकरी काही मिळाली नाही. तो एकटाच परतला.

आता नावडती गोष्ट. लव्हक्राफ्ट वंशद्वेष्टा होता. काळे, ज्यू, स्थलांतरित यांच्याबद्दलचा तिरस्कार त्याच्या पत्रांत आहे, कथांतही आहे. बायको स्वतः ज्यू, स्थलांतरित होती, तरीही! ‘तेव्हा सगळेच तसे होते’ हे उत्तर मला पटत नाही. अनोळखी माणसाची भीती आणि अनोळखी विश्वाची भीती त्याच्यात एकमेकांत मिसळलेली होती, आणि हे माहीत असूनच त्याला वाचायला हवं. वर्ल्ड फँटसी पुरस्काराच्या ट्रॉफीवर त्याचा चेहरा असायचा. तो बदलायचा निर्णय २०१५ मध्ये झाला.

आणि हाच माणूस नवख्या पोरांना लांबलचक पत्रं लिहून लिखाण शिकवायचा. त्यातलाच एक, रॉबर्ट ब्लॉक. पुढे त्याने ‘सायको’ लिहिली, जिच्यावर हिचकॉकचा सिनेमा आला.

स्वतःला मात्र लव्हक्राफ्ट अपयशीच समजत राहिला. ‘अॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ १९३१ मध्ये नाकारली गेली, ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. हयातीत एकच पुस्तक निघालं, तेही जेमतेम दोनेकशे प्रतींचं. १५ मार्च १९३७ ला आतड्याच्या कॅन्सरने तो गेला, वय ४६. मोठे प्रकाशक त्याच्या कथा छापेनात, म्हणून १९३९ मध्ये त्याच्या दोन पत्रमित्रांनी स्वतःच प्रकाशनसंस्था काढली.