ब्रेक नसलेल्या गाडीवरचा माणूस

उरल पर्वताच्या पश्चिमेला, बेलाया नदीच्या काठी उफा नावाचं शहर आहे. बाश्किरियाची ही राजधानी. इथला हिवाळा हाडं गोठवणारा. अशा दिवसांत माणसानं घरात शेकत बसावं. पण उफाची माणसं गर्दी करून स्टेडियममध्ये जात आणि बर्फावरच्या मोटारसायकल शर्यती पाहत. या बर्फानंच गब्द्राख्मान कादिरोव नावाचा जगज्जेता घडवला.

त्याचा जन्म १९४१ चा. हिटलरच्या फौजा रशियात घुसल्या तेच साल. तो तरुण झाला तोवर उफा हे स्पीडवेचं गाव झालं होतं. इथलाच इगोर प्लेखानोव १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षं मातीच्या ट्रॅकवरच्या जागतिक स्पर्धेत दुसरा आला. कादिरोवनं नाव कमावलं ते मात्र बर्फावर.

हा खेळ समजून घेतल्याशिवाय हा माणूस समजायचा नाही. पाचशे सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन, आणि गाडीला ब्रेक नाही. टायरवर इंचभराहून लांब, अणकुचीदार असे शेकडो खिळे. मातीवरची गाडी वळणावर घसरवत न्यायची असते; बर्फावर खिळे रुततात, म्हणून वेग फारसा न सोडता गाडी इतकी आडवी करायची की हँडलचं डावं टोक बर्फाला टेकायला येतं. शर्यत चौघांची, चार फेऱ्यांची. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. जो पडेल त्याच्या मागून तीच खिळ्यांची चाकं येत असतात. हिशेब एवढा सरळ, आणि एवढा निर्दय.

जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १९६६ साली सुरू झाली आणि पहिला मान कादिरोवनं मिळवला. पुढच्याच वर्षी तो हातून गेला, तोही उफाच्याच बोरिस सामोरोदोवकडे. परक्याकडून हरलं तर समजूत घालता येते. आपल्याच गावच्या माणसाकडून हरल्यावर रोज त्याच रस्त्यानं जायचं असतं. कादिरोवनं १९६८ आणि १९६९ साली पद परत आणलं. १९७० मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा अँटोनिन श्वाब जिंकला. खिळ्यांच्या या खेळात तिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस थांबला असता तर कुणी बोल लावला नसता. कादिरोव थांबला नाही. १९७१, १९७२ आणि १९७३ अशी सलग तीन वर्षं तोच जिंकला. एकूण सहा वेळा! १९७४ साली ते पद पुन्हा चेकोस्लोव्हाकियात, मिलान श्पिंकाकडे गेलं.

या यादीतली जिंकलेली वर्षं सगळे मोजतात. मला १९६७ आणि १९७० ही दोन वर्षं मोठी वाटतात. पहिल्यांदा बर्फावर उतरणाऱ्याला धोक्याची पुरती कल्पना नसते; हरून पुन्हा उतरणाऱ्याला ती पक्की असते.

सोव्हिएत संघ १९९१ साली विसर्जित झाला. दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, कादिरोव गेला; वय जेमतेम बावन्न. त्याचा सहा विजयांचा विक्रम त्याच्यामागेही बरीच वर्षं टिकला. २०११ साली निकोलाय क्रास्निकोवनं सातवं अजिंक्यपद जिंकून तो मोडला. पुढच्या वर्षी आठवंही मिळवलं. हा क्रास्निकोवसुद्धा उफाचाच. विक्रम मोडला, पण गावाबाहेर गेला नाही.