डॉ. द्वारकानाथ कोटणीस: चीनमध्ये गेलेले डॉक्टर आणि त्यांचा फिटचा आजार

वैद्यकीय पथकाबरोबर परदेशी सेवेला जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते डॉ. कोटणीसांचं. व्ही. शांतारामांचा १९४६ चा चित्रपट अनेकांनी पाहिलेला असतो. पण ते कशाने गेले हे विचारलं, तर बहुतेक जण युद्धात गोळी लागून, असं सांगतात. ते खरं नाही. त्यांना फिट येत असत आणि वयाच्या ३२ व्या वर्षी लागोपाठ आलेल्या फिटमुळेच त्यांचा मृत्यू झाला.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. डॉक्टर झाले मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजमधून. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला, तेव्हा चिनी सेनानी झू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. पैसे जमवले गेले, एक रुग्णवाहिका घेतली गेली आणि पाच डॉक्टर निवडले गेले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबईहून बोटीने निघालं. कोटणीस तेव्हा २८ वर्षांचेही नव्हते.

पुढच्या वर्षी पथक येनानला पोहोचलं. वडील गेल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली. घरी परतायला हे कारण पुरेसं होतं, पण ते थांबले. पथकातले तिघे एकेक करून भारतात परतले, बसू आणि कोटणीस राहिले. उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, आघाडीच्या मागेच, शस्त्रक्रिया चालत. १९४० मधल्या एका लढाईत त्यांनी ७२ तास न झोपता जखमींवर शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. याच भागात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग रक्तात पसरून ते नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालक म्हणून १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. तिथे शुश्रूषा शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी त्याच वर्षी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ ठेवलं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

फिट सुरू असतानाही त्यांचं काम चालूच होतं. शस्त्रक्रियेवरचं पुस्तकही ते लिहीत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले.

डॉक्टर म्हणून मी इथे थोडा अडखळतो. अपुरी झोप आणि अतिश्रम यांनी फिट वाढतात, आणि त्यांना दोन्हींतून सुटका नव्हती. त्यांच्या फिटचं मूळ मेंदूत शिरलेल्या जंतात असावं, असा अंदाज काहींनी मांडला आहे. आज सीटी स्कॅन किंवा एमआरआयने असं निदान होऊ शकतं. तेव्हा ती सोय जगात कुठेच नव्हती. फेनिटॉइन हे फिटचं औषध वापरात आलं तेच १९३८ मध्ये, म्हणजे ते बोटीत बसले त्या वर्षी. डोंगरातल्या रुग्णालयात ते कुठून मिळणार?

जंताचं ऐकून नाशिकच्या माझ्या दवाखान्यात नातेवाईक म्हणतात, आम्ही तर शाकाहारी आहोत. पण मेंदूत जाणारी ही अंडी माणसाच्या विष्ठेतून, घाण पाण्यातून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून, मुळ्यातूनही पोटात जातात. शाकाहाराने त्यांपासून संरक्षण मिळत नाही. भाज्या नीट धुवा, शौचानंतर साबणाने हात धुवा. आणि फिट थांबल्या म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. लागोपाठ फिट येण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, झटके थांबले की रुग्णाला कुशीवर वळवा, आणि घड्याळ बघा. फिट पाच मिनिटांहून लांबली, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. कोटणीसांच्या शेवटच्या रात्री अशाच एकामागून एक फिट येत राहिल्या.

यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत होता. १९६७ मध्ये, पंचविशीत, तोही गेला. क्वो छिंगलान मात्र २०१२ पर्यंत जगल्या आणि सासरच्या माणसांना भेटायला अनेकदा भारतात येऊन गेल्या.