रॉबर्ट गॉडार्ड

रॉबर्ट हचिंग्ज गॉडार्ड (५ ऑक्टोबर १८८२ – १० ऑगस्ट १९४५) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आणि द्रवइंधन रॉकेटचे आद्य प्रवर्तक होते. फुग्यांच्या आवाक्यापलीकडील वातावरणात उपकरणे नेणारे रॉकेट तयार करणे, हे त्यांचे एक प्रमुख उद्दिष्ट होते.

जीवन

गॉडार्ड यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर येथे झाला. क्लार्क विद्यापीठातून १९११ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर त्यांनी पुढे तेथेच अध्यापन केले. १९१४ मध्ये त्यांना बहुटप्पी व द्रवइंधन रॉकेटांची पेटंटे मिळाली. १९३० मध्ये गुगेनहाइम कुटुंबाच्या अर्थसाहाय्यामुळे त्यांनी न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथे प्रयोगशाळा उभारली.

स्थैर्याचा प्रश्न

१६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न येथे त्यांनी जगातील पहिले द्रवइंधन रॉकेट उडवले. ते अडीच सेकंदांत सुमारे १२.५ मीटर उंच गेले. त्याला पंख नव्हते. मोटार वरच्या टोकाला ठेवल्यास रॉकेट ओढले जाऊन सरळ राहील, अशी त्यामागील कल्पना होती. परंतु मोटार सांगाड्याला पक्की जोडलेली असल्याने रॉकेट कलले की रेट्याची दिशाही कलते आणि रॉकेट सावरत नाही. म्हणून पुढे त्यांनी मोटार तळाशी आणली.

उड्डाणात स्थिर राहण्यासाठी रॉकेटचे दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे असावे लागते. शेपटीकडील पंख दाबकेंद्र मागे नेतात. रॉकेट कलताच पंखांवरील हवेचे बल त्याला पुन्हा मार्गावर आणते. मात्र कमी वेगात हे बल अपुरे पडते, तर पंख फार मोठे केल्यास रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवते. गॉडार्ड यांची रॉकेटे संथपणे उठत. त्यामुळे केवळ पंख पुरेसे नव्हते. १९३२ पासून त्यांनी जायरोस्कोपने नियंत्रित पाती मोटारीच्या झोतात बसवून पाहिली. १९३७ मध्ये त्यांचे एक रॉकेट सुमारे अडीच किलोमीटर उंच गेले.

वारसा

गॉडार्ड यांच्या मृत्यूनंतर दोनच महिन्यांनी न्यू मेक्सिकोतूनच वॅक कॉर्पोरल हे संशोधन रॉकेट सुमारे ७० किलोमीटर उंचीवर पोहोचले. त्यात जायरोस्कोप नव्हता. घनइंधन बूस्टर आणि उंच मनोरा यांमुळे त्याला आरंभीच पुरेसा वेग मिळे व तीन स्थिर पंख त्याला सरळ ठेवत. याउलट, मोठ्या प्रक्षेपकांनी गॉडार्ड यांचा जायरोस्कोप-नियंत्रणाचा मार्ग अवलंबला. त्यांच्या नावावरील २१४ पेटंटांपैकी १३१ मरणोत्तर मंजूर झाली. १९५९ मध्ये नासाच्या मेरिलँडमधील अंतराळ केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.