शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरच्या मुलांना वालधुनी नदीकाठचं शिवमंदिर माहीत असतंच. तिथला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. राजा शिलाहार घराण्यातला मम्वाणी. हे घराणं संपलं कसं, हे मात्र आपण वर्गात क्वचितच सांगतो. त्यासाठी सोमेश्वराची गोष्ट सांगा.

सोमेश्वर इ.स. १२५५ च्या सुमारास उत्तर कोकणच्या गादीवर आला. उरणजवळच्या रानवड आणि चांजे इथे त्याचे शिलालेख सापडले. चांज्याच्या लेखात एका वाडीचं उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला दिल्याची नोंद आहे. एकीकडे असा दानधर्म चालू, आणि दुसरीकडे घाटावरून देवगिरीचे यादव टपून बसलेले!

भांडण कशाचं होतं? मुलांना नकाशा काढायला लावा, उत्तर आपोआप मिळेल. ठाणे, सोपारा, चौल ही बंदरं खाली कोकणात, आणि यादवांचं राज्य वर देशावर. अरबस्तानातले घोडे, परदेशी माल, जकात, सगळं बंदरातच. यादव राजा कृष्णाने आधी कोकणावर सैन्य पाठवलं होतं, पण राज्य हाती लागलं नाही. मग त्याचा भाऊ महादेव हत्तीदळ घेऊन उतरला. जमिनीवर सोमेश्वराचा पराभव झाला, तेव्हा त्याने जहाजांचा आसरा घेतला. माझ्या मते हा पळ नव्हता; समुद्र हेच त्याचं खरं बळ होतं. पण यादवांनी तिथेही पाठलाग केला आणि इ.स. १२६५ च्या सुमारास सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. काही अभ्यासक ती याच युद्धाची मानतात.

सुमारे साडेचारशे वर्षांची सत्ता संपली. कोकणात यादवांचे अधिकारी आले. पण महादेवानंतर यादवांच्या घरातच गादीसाठी भांडण लागलं. पुतण्या रामचंद्राने महादेवाच्या मुलाला, अम्मणाला, आंधळं करून राज्य घेतलं. इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीच्या दारात उभा राहिला.

आणखी एक गंमत बघा. सोमेश्वराचा मृत्यू आपल्याला कळतो तो महादेवाचा मंत्री हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, याच्या लिखाणातून. विजेत्याच्या मंत्र्याने लिहिलेलं, हे लक्षात असू द्या. आणि आपण मात्र शिलाहारांच्या अंबरनाथच्या मंदिरालाही सर्रास हेमाडपंती म्हणतो! मंदिर १०६० चं, हेमाडपंत त्यानंतर दोनशे वर्षांनी. मुलांच्या वहीत तो शब्द लिहून देण्याआधी हे दोन काळ फळ्यावर शेजारी शेजारी मांडा.