धर्मवीर फादर पियेर मारी मेर्मिये

महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपल्या वाडवडिलांना प्रभूची ओळख करून देणाऱ्या मिशनऱ्यांचें आपण कृतज्ञतेनें स्मरण करतों, हें सर्वथैव उचित आहे. परंतु त्या मिशनऱ्यांना ज्यांनीं आपल्या देशांत धाडलें, त्यांचें नांव आपल्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असेल. ते स्वतः हिंदुस्थानांत कधींच आले नाहींत. संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या मिशनरी संघाचे ते संस्थापक, फादर पियेर मारी मेर्मिये.

सव्हॉय हा आल्प्स पर्वताच्या कुशींतला प्रांत. तेथील शोमों या गांवच्या परिसरांत २८ ऑगस्ट १७९० रोजीं त्यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचे होतात न होतात तोंच, सन १७९२ मध्यें, फ्रान्सच्या राज्यक्रांतीच्या फौजा त्या प्रांतांत शिरल्या. ख्रिस्तमंदिरें ओस पडलीं. जे धर्मगुरु नव्या सरकारची शपथ घेईनात, ते परागंदा झाले किंवा वेष पालटून लपून राहिले. गुरांच्या गोठ्यांत, धान्याच्या कोठारांत मिस्सा होई. त्या पिढीच्या मुलांना धर्माचे पहिले धडे ख्रिस्तमंदिरांत नव्हे, तर चुलीजवळ आईच्या तोंडून मिळाले. अशा काळांत वाढलेला हा मुलगा पुढें सेमिनरींत गेला व सन १८१३ मध्यें धर्मगुरु झाला.

कांहीं काळ सहायक धर्मगुरु व शिक्षक म्हणून काम केल्यावर त्यांच्याकडे बोज डोंगरांतील ल शातलार या धर्मग्रामाची जबाबदारी आली. येथें त्यांची खरी परीक्षा झाली. क्रांतीच्या धामधुमींत लोकांची संवय मोडली होती. ख्रिस्तमंदिराची घंटा वाजे, पण येणारे थोडे. शिवाय सव्हॉयचे लोक गरीब. हिंवाळ्यांत डोंगर बर्फानें झांकला कीं पुरुष व लहान लहान पोरें पोटासाठीं दूरदूरच्या शहरांत जात. पॅरिससारख्या नगरांत सव्हॉयचीं मुलें घरांचीं धुराडीं साफ करीत हिंडत.

हें वाचून कोणाच्या डोळ्यांसमोर आपलाच बीड जिल्हा येणार नाहीं? दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें कोयता बांधून उसाच्या फडावर निघतात आणि वस्त्यांवर म्हातारीं माणसें व कुलपें तेवढीं राहतात. मी या भागांत नवा आलों तेव्हां रविवारीं रिकाम्या सतरंज्या पाहून रागावत असें, आणि जे थोडे आलेले असत त्यांनाच, जे आले नाहींत त्यांच्याबद्दल, खरमरीत प्रवचन ऐकवीत असें. तो रोख चुकीच्या माणसांवर होता, हें मला फादर मेर्मिये यांच्या चरित्रानें शिकविलें.

कारण त्यांनीं रागावणें सोडून दुसरा मार्ग धरिला. फादर जोसेफ मारी फाव्र या समविचारी धर्मगुरूच्या साथीनें त्यांनीं गांवोगांव ‘मिशन’ देण्यास आरंभ केला. म्हणजे असें, कीं कांहीं धर्मगुरु मिळून एका गांवीं कित्येक दिवस मुक्काम करीत; सकाळ-संध्याकाळ प्रवचनें होत; मुलांस धर्मशिक्षण मिळे; भांडलेलीं घराणीं एकत्र आणलीं जात; आणि पापनिवेदनासाठीं धर्मगुरु तासन् तास बसून राहत. त्या काळीं तेथील पापनिवेदनाची रीत फार कडक होती. पश्चात्तापी माणसालाहि क्षमा देण्यास महिनोन् महिने लावीत, म्हणून कित्येक लोक त्या वाटेसच जात नसत. या दोघांनीं संत आल्फोन्सस लिगुओरी यांचा दयेचा मार्ग पत्करिला. त्यांच्या प्रांताचे थोर संत फ्रान्सिस डी सेल्स यांचें सौम्य वळणहि त्यांच्यापुढें होतेंच. माझ्या मतें फादर मेर्मिये यांच्या साऱ्या कार्याचें मर्म येथेंच आहे.

एकट्यादुकट्यानें हें काम टिकणार नाहीं हें जाणून त्यांनीं संघ स्थापण्याचें मनांत धरिलें. आनसीचे बिशप रे हे स्वतः नांवाजलेले प्रवचनकार होते. त्यांनीं २४ ऑक्टोबर १८३८ रोजीं या संघास मान्यता दिली. ला रोश या गांवीं हे मूठभर धर्मगुरु एकत्र राहूं लागले. तेव्हां फादर मेर्मिये अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. पन्नाशी आली म्हणजे कांहीं नवें सुरू करण्याचें वय गेलें, असें म्हणणाऱ्यांनीं (त्यांत मीहि आलों) हें ध्यानांत ठेवावें. त्याच सुमारास मदर क्लोदिन एशेर्निये यांच्या सहकार्यानें शावानो येथें क्रूसाच्या भगिनींचा संघहि उभा राहिला. त्या भगिनी पुढें वऱ्हाडांत अमरावतीस आल्या.

सन १८४३ मध्यें रोमची संमति मिळाली आणि पुढें विशाखापट्टणचा अफाट मुलूख या संघाकडे आला. संघ अवघ्या सात वर्षांचा, घरचीं गांवें मिशनसाठीं वाट पाहत होतीं, मनुष्यबळ अपुरें. कोणीहि शहाणा कारभारी थोडें थांबला असता. फादर मेर्मिये थांबले नाहींत. सन १८४५ मध्यें त्यांनीं चार धर्मगुरु व दोन बंधु यांना निरोप दिला. सुएझचा कालवा तेव्हां नव्हता. शिडाच्या जहाजाचा महिनोगणती प्रवास. त्यांचे प्रमुख फादर मार्टिन थोड्याच काळांत या भूमींतच निवर्तले. ती वार्ता आनसीस पोंचली तेव्हां त्या वृद्धावस्थेकडे झुकलेल्या गुरूस काय वाटलें असेल, याची कल्पना आपणच करावी. तरीहि ते माणसें पाठवीतच राहिले.

ता. ३० सप्टेंबर १८६२ रोजीं आनसी येथें त्यांनीं देह ठेविला. त्यानंतर पंचवीस वर्षांनीं, सन १८८७ मध्यें, नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्यांच्या संघाचे धर्मगुरु वैजापूरकडील घोगरगांवीं येऊन राहिले. गांवकुसाबाहेर राहणाऱ्या माणसांच्या झोंपडीशीं ते बसले, त्यांच्या दुष्काळांत व आजारपणांत सोबत राहिले. फादर गुरियन जाकिये यांचें नांव त्या भागांत आजहि भक्तीनें घेतलें जातें. सन १९७७ मध्यें आपला औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला, त्याचीं मुळें तेथवर जातात.

यंदा त्यांच्या पुण्यतिथीच्या दिवशीं, ३० सप्टेंबरास, सायंकाळीं मिस्सा ठेविली आहे. ज्यांना उसाला निघावयाचें आहे त्यांनीं आपले कोयते बरोबर आणावेत. त्यांवर आशीर्वाद मागितला जाईल, आणि कोण कोणत्या कारखान्याच्या फडावर जाणार तें लिहून घेतलें जाईल, म्हणजे नाताळापूर्वीं तेथें येऊन भेटतां येईल.