पंडिता रमाबाई

सन १८९६ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवांना घेऊन परतल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील असेच दुष्काळात गेले होते. १८८२ साली त्यांना वैधव्य आले. पुढच्याच वर्षी इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत काढलेले त्यांचे शारदासदन पुढे पुण्यास आले. धर्मांतराच्या भयाने १८९३ साली अनेक पालकांनी तेथून मुली काढून नेल्या. ते भय अगदीच निराधार नव्हते. परंतु दुष्काळातल्या या मुलींना न्यावयास कोण येणार? त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. तेथे प्रार्थना होई, अक्षरे गिरविली जात आणि छापखानाही चाले. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबल मराठीत आणले. त्याचे खिळे सदनातील स्त्रियांनीच जुळविले.