डीएनएचा पीळ कुणी ओळखला? जाणून घ्या जेरोम व्हिनोग्राड यांच्याविषयी

धामणगाव बढे (ता. मोताळा) : कापूसपट्ट्यात पीळ म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. दोरीला जास्त पीळ दिला की ती स्वतःभोवतीच वेटोळी घालते. एक टोक सोडलं की पीळ उतरतो. डीएनएसुद्धा असाच वागतो, हे १९६५ मध्ये जेरोम व्हिनोग्राड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं.

व्हिनोग्राड मूळचे रसायनशास्त्राचे. जन्म १९१३ चा, अमेरिकेतल्या मिलवॉकीचा. शिकायला बर्लिनला गेले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्यांचे प्राध्यापक हर्बर्ट फ्रॉइंडलिश यांना जर्मनी सोडावी लागली. व्हिनोग्राडही त्यांच्यापाठोपाठ लंडनला गेले. पुढे स्टॅनफर्डमधून पीएचडी, मग दहा वर्षं शेल या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी. १९५१ मध्ये ते कॅलटेक संस्थेत आले, तेव्हा वय होतं ३८. डीएनएवरचं मोठं काम यानंतरचं आहे!

कोडं काय होतं?

पॉलिओमा विषाणूचा डीएनए सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की एक भाग भरभर तळाकडे जायचा, दुसरा मागे राहायचा. पुढचा गोल कड्यासारखा आणि मागचा तुटून सरळ झालेला, असा समज होता. पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मागे राहणारंही कडंच निघालं. लांबी तीच, वजन तेच. मग वेग वेगळा का?

उत्तर पिळात होतं. कड्याला मोकळं टोक नसतं, त्यामुळे पीळ आत अडकतो. कडं आवळलं जातं आणि लवकर खाली बसतं. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक जरी कुठे तुटला, तरी पीळ उतरतो आणि कडं सैल पडतं.

पेशी हा पीळ सांभाळते कशी?

त्यासाठी खास एंझाइम असतात. पहिलं जेम्स वँग यांना १९७१ मध्ये ई. कोलाय जिवाणूत सापडलं. ते एक धागा कापतं, पीळ उतरू देतं आणि धागा पुन्हा जोडतं. १९७६ मध्ये मार्टिन गेलर्ट यांच्या गटाला जायरेज मिळालं. ते एटीपीची ऊर्जा वापरून उलट दिशेचा पीळ भरतं. व्हिनोग्राड त्याच वर्षी वारले.

मेडिकलवर मिळणारी सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी जिवाणूचं हेच जायरेज अडवते. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातलं कॅम्प्टोथेसिन माणसाच्या पेशीतल्या पीळ उतरवणाऱ्या एंझाइमला अडवतं. त्यापासून कॅन्सरवरची औषधं बनतात. या झाडाची चोरटी तोड होते ती यामुळेच.